फियाट ५०० गरम झाली की बंद पडते, इंजिन बदलायचं की आहे तेच नीट करायचं?

मागचं_इंजिन
नमस्कार मंडळी, माझ्याकडे १९६९ ची फियाट ५०० एल आहे, ४९९ सीसी, दोन सिलिंडर एअरकूल्ड, इंजिन मूळचंच. सकाळी थंड असताना लगेच स्टार्ट होते, वीसेक मिनिटं मस्त पळते आणि मग चढ आला की पिकअप जातो, मिसिंग सुरू होतं आणि एकदम बंद. अर्धा तास उभी ठेवली की परत चालू, जसं काही झालंच नाही. प्लग नवीन टाकले, कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केला, फरक शून्य. त्यात खाली रोज तेलाचे थेंब, हीटर उघडला की आत जळक्या तेलाचा वास येतो, सीटांमधला स्टार्टरचा दांडा ओढला तर कधीकधी नुसती मोटर गरगरते इंजिन फिरतच नाही, आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना गिअर करकरतो. ज्यांना दाखवली ते म्हणाले या इंजिनात आता दम नाही, फियाट १२६ चं (५०० नंतर आलेली फियाटची छोटी गाडी) इंजिन गिअरबॉक्ससकट बसवून टाका. मन होत नाहीये हो. हे इंजिन वाचेल का ते सांगा.

टॅपेट_०१५
वाचेल. तुम्ही सांगितलेल्यापैकी एकही गोष्ट इंजिन फेकण्याएवढी नाहीये, घाई करू नका.

आधी बंद पडण्याचं बघू. थंड असताना ठीक, तापलं की मेलं, गार झालं की जिवंत, हे ऐकलं की माझा हात पहिला कंडेन्सरकडे जातो. प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवरची ती छोटी डबी, आतलं इन्सुलेशन जुनं झालं की गरम झाल्यावर दगा देते. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच एक प्लग काढून बघा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, घोळ करंटचा आहे. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाहीये, मग टाकीचं झाकण सैल करा, हवा आत ओढल्याचा सूं आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलंय. तेही नसेल तर पेट्रोल पंप आणि गरम इंजिनाला चिकटून गेलेला पाइप बघा, पेट्रोलची वाफ होऊन पाइप अडतो. पॉइंटही, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले करंट जोडतोड करणारे संपर्क, उघडून बघा, तोंडं काळीनिळी जळालेली दिसली तर कंडेन्सर गेलाय हे जवळपास नक्की. दोन्ही एकदमच बदला, पॉइंटचा गॅप ०.४७ ते ०.५३ मिमी.

पण मला जास्त काळजी तापण्याची वाटते. या गाडीला रेडिएटर नाही, सगळं हवेवर, आणि पंखा डायनॅमोच्याच शाफ्टवर. म्हणजे पट्टा सैल झाला की चार्जिंगही गेलं आणि कूलिंगही गेलं. बरेच जण डायनॅमो सरकवायला नट शोधत बसतात, तिथे तसं नाहीये, पुलीच्या दोन अर्ध्या तबकड्यांमध्ये शिम, म्हणजे पातळ चकत्या असतात, त्यातला एखादा काढून बाहेरच्या बाजूला लावला की तबकड्या जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि ताठ होतो. मग पंख्याकडे बाहेरची हवा नेणारा भाता तपासा. तो फाटला असेल तर पंखा इंजिनखोलीतलीच गरम हवा परत परत ओढतो. थर्मोस्टॅटचा फ्लॅप अडकलाय का तेही बघा, तो उघडलाच नाही तर गरम हवा बाहेर पडणार कशी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पत्र्याची आवरणं काढून सिलिंडरच्या पाती (थंड होण्यासाठीच्या बाहेरच्या पातळ कडा) बघा. तेल गळतं, त्यावर धूळ बसते, त्याचा पातींमध्ये लगदा होतो आणि हवा जायला जागाच राहत नाही. बाहेरून काही कळत नाही. तुमची तेलगळती आणि तुमचं तापणं हा एकच आजार असेल असं मला वाटतं.

जाता जाता टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हवरचा मोकळा गॅपही लावून घ्या, थंड इंजिनावर दोन्ही व्हॉल्व्हना ०.१५ मिमी. टॅपेट घट्ट राहिले की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, पिकअप तिथेही जातो.

दांडावाला
टॅपेटभाऊंशी सहमत, एकच भर घालतो. क्रँकच्या पुलीच्या आत सेंट्रिफ्युगल ऑइल फिल्टर असतो, वेगळा डबा दिसत नाही म्हणून लोकांना त्याचा पत्ताच नसतो. पुली फिरते तसा तेलातला गाळ कडेला फेकला जाऊन चिकटतो. माझ्या गाडीचं झाकण उघडलं तेव्हा आत काळ्या मेणासारखा जाड थर होता, पान्याच्या टोकाने खरवडून काढावा लागला. तुमचा कधी उघडलाय का? नसेल तर उघडाच, गॅस्केट मात्र नवीन हवं.

स्टार्टरचं सोपं आहे. दांडा केबल ओढतो, केबल पिनियन (मोटरचं छोटं दातेरी चाक) आत ढकलते आणि मग मोटरला करंट मिळतो. केबल सैल पडली की पिनियन नीट बसत नाही आणि मोटर रिकामी फिरते, आधी केबल लावून बघा. बॅटरी पुढे आणि स्टार्टर मागे, त्यामुळे गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं चकचकीत घासा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

गिअरबद्दल, या बॉक्समध्ये सिंक्रो, म्हणजे गिअर बदलताना वेग आपोआप जुळवणारे भाग, नाहीतच. खाली येताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा रेस, परत क्लच आणि मग दुसरा. हात बसला की आवाजही येत नाही. १२६ च्या गिअरबॉक्समध्ये वरच्या गिअरना सिंक्रो आहेत म्हणून लोक तो बसवतात, सोय आहे हे खरंच. पण करकर हे तुमचा बॉक्स खराब झाल्याचं लक्षण नाही.

ग्रीसगन
हीटरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय, कृपया हे हलक्यात घेऊ नका. या गाडीत इंजिनावरून तापून आलेली हवाच आत सोडतात. तेलाचा वास नाकाला कळतो, पण एक्झॉस्टचं किंवा हेडचं गॅस्केट फुंकत असेल तर त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. गळती सापडेपर्यंत हीटर बंद आणि काच खाली.

तेल बहुतेक पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्या) नळ्यांच्या रबरातून येत असणार, ती रबरं उष्णतेने दगडासारखी होतात. मूळच्या नळ्या बदलायला हेड काढावं लागतं. क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट) आधी साफ करा, तो तुंबला की आत प्रेशर साठून नवीन सीलमधूनही तेल येतं.

आणि गाडी जॅकवर आहेच तर पुढचं चाक वरखाली धरून हलवा. किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो खिळा, ढिला असेल तर हाताला लगेच कळेल. ग्रीसही चाक उचललेलं असतानाच भरा, वजन असलं की एका बाजूला ग्रीस जातच नाही.

मागचं_इंजिन
शनिवार-रविवार दोन्ही दिवस गाडीखाली होतो. बंद पडल्यावर प्लग काढला, ओला होता, आणि पॉइंट अगदी निळे. कंडेन्सर बदलला. मग पत्रे काढले तर पातींमध्ये ओल्या लोकरीसारखा लगदा, लाकडी काडीने एकेक खाच कोरत बसलो, वाटीभर निघाला. भात्यालाही खालून बोटभर चीर होती. ब्रीदर पूर्ण तुंबलेला. पट्ट्याचा एक शिम बाहेर काढला.

काल सव्वा तास सलग चालवली, त्यात तो मोठा चढ दोनदा, एकदाही बंद पडली नाही. स्टार्टरची केबलही लागली. थेंब अजून पडतात पण कमी झालेत, नळ्यांसाठी हेड खोलायचं ठरवलंय, हीटर तोवर बंद. १२६ च्या इंजिनाला नाही म्हणून कळवलं. ग्रीसगन, डावा किंगपिन हलतोय, त्याबद्दल वेगळं विचारतो.