ड्वेल म्हणजे राहणे? मग 'डोन्ट ड्वेल ऑन इट' म्हणजे काय?

परवा भाचीने विचारलं, मामा, ड्वेल म्हणजे राहणे ना, मग "डोन्ट ड्वेल ऑन इट" म्हणजे काय, त्याच्यावर राहू नको? "तेच तेच उगाळत बसू नको" असं सांगून मी मोकळा झालो, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. घर करून राहणं आणि उगाळत बसणं एकाच शब्दात कसं काय?

तर गंमत अशी की जुन्या इंग्रजीत ड्वेल्लानचा अर्थ राहणे असा नव्हताच मुळी. वाट चुकवणे, भुलवणे, फसवणे असा होता. त्याच घराण्यातला गेड्वोला म्हणजे चूक, पाखंड. डचमध्ये ड्वालेन म्हणजे आजही भरकटणे. आणि मध्ययुगात इंग्लंडमध्ये चिरफाड करायच्या आधी रोग्याला अफू, खुरासानी ओवा वगैरे घातलेलं गुंगीचं पेय पाजायचे, त्याचं नाव ड्वेइल, तेही यातलंच.

आता फसवण्यापासून राहण्यापर्यंत गाडी कशी आली? आपल्याकडचा चकवा आठवा. रात्री माळावर चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो, शेवटी दमून तिथेच बसतो आणि उजाडेपर्यंत तिथेच असतो. बास, तसंच. आधी वाट चुकवणे, मग त्यामुळे खोळंबा करणे, मग खोळंबणे, रेंगाळणे, आणि १३व्या शतकाच्या सुमारास सरळ मुक्काम ठोकून राहणे. त्यात उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये येऊन वसलेल्या व्हायकिंग लोकांच्या बोलीतही ड्वेल्या हा शब्द होताच, त्याचा अर्थ उशीर करणे, थांबणे, त्यानेही धक्का दिला असणार.

म्हणजे उगाळत बसणं हा अर्थ नंतर चिकटवलेला नाही, उलट तोच मूळच्या जास्त जवळचा. रेल्वेवाले ड्वेल टाइम म्हणतात तो गाडी फलाटावर थांबते तेवढा वेळ. आपल्या लोकलचा दादरचा ड्वेल टाइम म्हणजे चढणाऱ्याने एक पाय आत टाकेपर्यंतचा, तिथे कोण घर करतोय! बोलताना मात्र हल्ली कोणी "आय ड्वेल इन ठाणे" म्हणत नाही, म्हटलं तर लोक हसतील. तिथे लिव्ह. ड्वेलिंग युनिट तेवढं फ्लॅटच्या कागदपत्रांत उरलंय.

आणि आपलं राहणे तरी काय वेगळं आहे? "पुण्यात राहतो" आणि "दळण आणायचं राहिलं", क्रियापद एकच.

भर: खाली प्रतिक्रियांत एकाने रिसाइडबद्दल विचारलंय, त्याचाही अर्थ राहणेच. ते लॅटिन, मुळात बसणे. संस्कृतातला सद् धातू त्याचाच भाऊ. घट्ट बसला तो रेसिडेंट आणि तळाला बसला तो रेसिड्यू, म्हणजे सोसायटीतले रेसिडेंट आणि टाकीतला गाळ एकाच कुळातले (आमच्या सेक्रेटरींना सांगणार नाहीये).

पण मला सगळ्यात आवडलेलं वेगळंच. इंग्रजीतलं वॉज, हो तेच साधं आय वॉज मधलं, ते आणि आपला वस् धातू एकाच मुळातून आलेत. मूळ अर्थ राहणे, रात्र काढणे. इंग्रजीत त्याचं नुसतं "होतो" झालं, राहण्याचा मागमूसही उरला नाही. मराठीत मात्र वस्ती म्हणजे लोकवस्ती तर आहेच, पण रात्रीचा मुक्कामही जिवंत आहे. आजी म्हणायची, "आज वस्तीला थांब, सकाळच्या गाडीने जा." आणि संध्याकाळी गावात येऊन पारापाशी उभी राहणारी, ड्रायव्हर-कंडक्टर जिथे झोपतात आणि पहाटे तालुक्याला निघते ती एसटी आमच्याकडे वस्तीची गाडीच. तुमच्याकडे काय म्हणतात, वस्तीची की मुक्कामी?