अठरा वर्षांच्या मुलीला गाडी शिकवताना माझाच धीर सुटतो

हवालदिल बाप, पुणे :
माझ्या मुलीला अठरा वर्षे पूर्ण होताच तिने शिकाऊ परवाना काढला आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये २१ दिवस, रोज अर्धा तास, असे शिक्षणही घेतले. तेथे ती उत्तम चालवीत असे, असे तिच्या शिक्षकांचे म्हणणे आहे. घरच्या गाडीत मात्र दर चौकात गाडी बंद पडते. गेल्या रविवारी कात्रजच्या जुन्या घाटातील एका चढावर ट्रकमागे थांबावे लागले. पुन्हा निघताना गाडी मागे घसरू लागली, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला आणि मी ओरडून हँडब्रेक ओढला. ती काही न बोलता उतरली आणि मागे जाऊन बसली. घरी आल्यावर आईला एवढेच म्हणाली, की बाबा शेजारी असले की मला रस्ता दिसत नाही, बाबांचा पाय दिसतो. तिचे म्हणणे खरे आहे, कारण प्रत्येक वळणाला मी माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत असतो. पक्का परवाना मिळेपर्यंत तिला पुन्हा शाळेतच पाठवावे, की मी स्वतःला आवर घालण्याचा काही उपाय आहे?

निवृत्त एस. टी. चालक :
मुलीत खोट नाही. शाळेच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात, आणि गाडी बंद पडून वेळ जाऊ नये म्हणून पुष्कळ शिक्षक क्लच स्वतःच सांभाळतात. मुलाला वाटते आपण चालवतो आहोत. प्रत्यक्षात तो फक्त स्टिअरिंग धरून बसलेला असतो. तेव्हा एखाद्या सपाट, मोकळ्या मैदानात तिला घेऊन जा आणि अॅक्सिलरेटरला पाय न लावता केवळ क्लच हळूहळू सोडून गाडी सरकवायला सांगा. इंजिनाचा आवाज कोठे जड होतो आणि गाडी कोठे थरथरते, ते पायाला कळेपर्यंत दुसरे काहीही शिकवू नका. चढावर निघण्याची रीत त्यानंतरची : हँडब्रेक ओढलेला ठेवून ती थरथर येऊ द्यायची, किंचित अॅक्सिलरेटर द्यायचा आणि मगच हँडब्रेक सोडायचा. कात्रजला नेण्याची घाई तुम्ही केलीत, हे मात्र स्पष्ट सांगतो. शिवाय सूचना वळण आल्यावर नव्हे, तर पन्नास-साठ मीटर आधी द्यावी. ‘अगं, अगं!’ म्हणजे ब्रेक लाव की वेग वाढव, हे चालवणाऱ्याला कसे कळावे? लाल ‘एल’ची पाटी पुढे आणि मागे स्पष्ट दिसेल अशी लावा, ती बंधनकारक तर आहेच, पण मागचे हॉर्नही थोडे कमी वाजतात.

कोल्हापूरची आई :
आपण अठरा वर्षे थांबलात, याचाच मला हेवा वाटतो. आमचे चिरंजीव सोळाचे आहेत आणि ‘सगळे मित्र चालवतात’ हे पालुपद रोज जेवताना ऐकावे लागते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीच्या धडकेत दोघांचा जीव गेला, तेव्हा महिनाभर घरात शांतता होती. नंतर पुन्हा तेच. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यात पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे सांगूनही तो बधला नाही. मात्र त्याला स्वतःलाही २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळणार नाही, हे कळल्यावर किल्ली मागणे थांबले. शिकवण्याचा ताण दोन वर्षांनी येईल. नाही म्हणण्याचा आजच आहे.

कॅलिफोर्नियातून :
येथे अल्पवयीन मुलांना परवान्याच्या चाचणीपूर्वी ५० तास मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली गाडी चालवावी लागते. त्यांपैकी १० तास रात्रीचे असतात आणि ते पुरे झाल्याची सही पालकाने करायची असते. त्या तुलनेत आपल्या मुलीचे तास साडेदहाच भरतात, म्हणून शाळा की आपण हा प्रश्नच उरत नाही, दोन्ही हवे. आमच्याकडे गाडी ऑटोमॅटिक असल्याने क्लचचे भांडण नव्हते, तरी आरडाओरडा पुरेसा झाला. बाराव्या तासाच्या सुमारास माझ्या लक्षात आले, की आमची भांडणे गाडीवरून नसतातच. मुलगा ताशी ६५ मैलांच्या रस्त्यावर शिरत असताना मी त्याच्या गणिताच्या गुणांचा विषय काढला होता. त्यानंतर घरचे विषय गाडीत काढायचे नाहीत, असे ठरवले. पत्नीने हा नियम पाळला. मला तो पुष्कळदा मोडावासा वाटला.

हवालदिल बाप, पुणे :
सर्वांचे आभार. आज पहाटे सहाला मैदानात गेलो. मुलीने एकच अट घातली, की मी आसनावर मांडी घालून बसावे, म्हणजे माझा पाय तिला दिसणार नाही. हँडब्रेक हाताशी होता आणि वेग पायी चालण्याइतकाच असल्याने मी ती मान्य केली. गाडी अकरा वेळा बंद पडली. बाराव्या वेळी ती थरथरली, मुलगी ‘आला, आला’ म्हणाली, आणि आम्ही अॅक्सिलरेटरशिवाय मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. गुडघे अजून दुखत आहेत. पुढच्या रविवारी पुन्हा मैदानच.