बॅटरी बदलल्यावर गाडी बटणावर सुरू झाली का? आपापले अनुभव लिहा

धागाकर्ती: आज पहाटे शेजारच्या मोटारसायकलचा 'कट्-कट्-कट्' असा आवाज कानावर आला आणि माझी जुनी गाडी आठवली. बटण दाबले की मीटरचा दिवा मंदावायचा, रिले (स्टार्टर मोटरला वीज जोडणारा स्विच) नुसता कटकटायचा आणि शेवटी किक मारूनच निघावे लागायचे. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, या समजुतीवर मी दोन महिने काढले. उभ्या गाडीत मल्टिमीटर १२.५ व्होल्ट दाखवत होता, पण बटण दाबताच आकडा आठच्याही खाली गेला, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. नवी बॅटरी बसवली आणि इंजिन पहिल्याच दाबाला सुरू झाले.

रात्रपाळी: किक असणाऱ्यांनी तक्रार करू नये. माझ्या गाडीला किक नाही. बॅटरी पूर्ण उतरली तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये टाकून तिघांनी ढकलली, दम लागला, पण ती सुरू झाली नाही. कारण फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंपही बॅटरीवरच चालतो, हे आम्हाला घामाघूम झाल्यानंतर समजले.

तेलकट हात: नवी बॅटरी घेऊनही माझे दुखणे गेले नव्हते, कारण तीही दोन महिन्यांत बसली. इंजिनाचे फेरे वाढवून मोजले तेव्हा बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवे होते, तिथे १२.३ च मिळत होते. दोष रेग्युलेटर-रेक्टिफायरचा, म्हणजे इंजिनाच्या विजेने बॅटरी योग्य दाबाने चार्ज करणाऱ्या भागाचा होता आणि शिक्षा बॅटरीला झाली. जुनी बॅटरी काढण्यापूर्वी चार्जिंग मोजून घ्यावे, असे मी आता प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण ऐकत नाहीत.

धागाकर्ती: @तेलकट हात, मीही मोजले नव्हते. नशिबाने वाचले म्हणायचे.

पाना क्रमांक दहा: घाईत मी आधी धन टोक सोडायला घेतले, पाना चासीला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) टेकला आणि जी ठिणगी उडाली, तिचा काळा खड्डा त्या पान्यावर अजून आहे. काढताना आधी ऋण आणि बसवताना ऋण शेवटी, हा क्रम त्यानंतर मला कधी आठवावा लागला नाही.

आळशी चालक: मला बॅटरी बदलावीच लागली नाही. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली होती. ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसली, टोके कोरडी करून घट्ट आवळली आणि वर व्हॅसलिनचा हात फिरवला, एवढ्यावर काम भागले.

रात्रपाळी: @आळशी चालक, आपले नाव बदला, एवढी मेहनत आळशी माणूस करत नाही.

नवशिकी: काल मीच घरी बॅटरी बदलली. सर्वाधिक वेळ त्या इवल्याशा चौकोनी नटने खाल्ला, कारण स्क्रू लावायला जावे की तो टोकाच्या खाचेतून खाली सरकायचा. अखेर त्याच्याखाली स्पंजचा तुकडा कोंबला, तेव्हा तो जागेवर थांबला. गाडी आता बटणावर सुरू होते, फक्त मीटरवरचे घड्याळ अजून बाराच्या ठोक्यावरून मोजते आहे आणि ते कसे लावायचे, हे पुस्तिका सापडल्याशिवाय कळणार नाही.