'द सिक्स्थ सेन्स' : शेवट माहीत असताना पुन्हा बघताना काय बघावं? (स्पॉयलर आहेत)

अबोली
दिग्दर्शक श्यामलनचा १९९९चा 'द सिक्स्थ सेन्स' पुन्हा बघितला. पहिल्यांदा सगळा भाव शेवटच्या धक्क्यानेच खाल्ला होता. या खेपेला मात्र मेलेली माणसं दिसणाऱ्या नऊ वर्षांच्या कोलवरून आणि त्याच्या आईवरून नजर हटेना. भीती कमी, पोटात तुटणंच जास्त. भुतं बाजूला काढली तरी हा एका घाबरलेल्या पोराचा सिनेमा म्हणून उभा राहतो का? आणि कोलवर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ मॅल्कम स्वतःच मेलेला आहे, हे गुपित प्रसंगाप्रसंगात कसं सांभाळलंय, तेही जाणकारांनी नेमकं सांगावं.

चौकट
आधी गुपिताचं सांगतो. मॅल्कम असलेल्या प्रत्येक प्रसंगात कोण कुणाकडे बघतंय ते बघा. कोल शाळेतून घरी येतो तेव्हा आई लिन आणि मॅल्कम समोरासमोर बसलेले असतात. दोघांचं बोलणं नुकतंच संपलंय असं आपणच धरून चालतो. पडद्यावर दोघांत एक शब्दही झालेला नाही. हॉटेलात लग्नाच्या वाढदिवसाला तो उशिरा पोचतो, खुर्ची न हलवता बसतो, आणि त्याचा हात बिलापर्यंत जायच्या आत ॲना ते उचलते. नवऱ्यावर रुसलेली बायको इतकी ओळखीची, की शंकेला जागाच उरत नाही.

कपडेही त्याचा जुना रुग्ण व्हिन्सेंट त्याला गोळी घालतो त्या पहिल्या रात्रीचेच, कोट-स्वेटर-शर्ट आलटून पालटून. तळघराच्या दाराची लाल मूठ तो फिरवतो, दार उघडत नाही. दारापुढे टेबल लावलंय हे आपल्याला अखेरीस दिसतं. लाल रंग एरवी जपून वापरलाय: वाढदिवसाचा फुगा, कोलचा तंबू, विषबाधेने मेलेल्या कायरा या मुलीच्या आईचा पोशाख.

व्हिन्सेंटच्या जुन्या टेपचा प्रसंग हेडफोन लावून ऐका. मॅल्कम फोन घ्यायला खोलीबाहेर जातो, परत येतो आणि गारठ्याबद्दल बोलतो. नंतर तो तीच टेप आवाज वाढवून पुन्हा ऐकतो, तेव्हा मधल्या शांततेत स्पॅनिशमध्ये कुणीतरी विनवण्या करत असतं. 'त्या' जगातलं कुणी चिडलं की गारठा पसरतो, हा नियम सिनेमा शेवटपर्यंत पाळतो.

उंबरठा
अबोली, उभा राहतो, आणि भक्कम उभा राहतो. मॅल्कम कोलशी खेळ खेळतो तो प्रसंग घ्या: अंदाज बरोबर आला तर खुर्चीकडे एक पाऊल, चुकला तर दाराकडे एक पाऊल. सुरुवातीला पोरगा पुढे येतो, मग अंदाज चुकायला लागतात आणि तो एकेक पाऊल मागे सरकत निघून जातो. परक्या माणसावर मुलाचा विश्वास कसा बसतो नि कसा उडतो, ते नुसत्या पावलांतून दाखवलंय.

चित्रांचंही तसंच. जखमी माणसाचं चित्र काढल्यावर शाळेत बैठक झाली, आई रडली; तेव्हापासून तो हसरी माणसं नि इंद्रधनुष्य काढतो, कारण त्यांच्यासाठी कुणी बैठक बोलावत नाही. मोठ्यांना त्रास होऊ नये म्हणून मूल आपलं दुःख लपवायला शिकतं!

माझ्या मते सिनेमाचं काळीज मात्र दोन आयांच्या तुलनेत आहे. कोलच्या अंगावरचे ओरखडे बघून डॉक्टर लिनवर संशय घेतात (डॉक्टरांची भूमिका श्यामलननेच केलीय). तिचा काही दोष नाही. उलट कायराची आई सूपमध्ये फरशी पुसायचं द्रावण घालत असते, आणि अंत्यविधीला तिचंच सांत्वन चाललेलं असतं. कोल हा प्रकार टिपलेली व्हिडिओ टेप कायराच्या बापाच्या हातात देतो, तेव्हा धाकटी बहीणही आजारी पडायला लागलेली आहे. इथून तो भुतांपासून पळणं सोडून त्यांचं ऐकायला लागतो.

मग गाडीतला प्रसंग. पुढे अपघात, वाहनं खोळंबलेली, आणि कोल आईला वारलेल्या आजीचा निरोप सांगतो. आई झालेल्या टोनी कोलेटचा चेहरा आधी चिडतो, मग घाबरतो, आणि शेवटी फुटतो. त्या भूमिकेला ऑस्करचं नामांकन होतं. मॅल्कमचा उलगडा यानंतर येतो, पण कोलची गोष्ट इथेच पुरी होते.

मधली रांग
उंबरठा यांच्याशी सहमत, एक खोट सोडून. कायरानंतर कोल फार पटकन सावरतो. थेट शाळेच्या नाटकात राजा आर्थर! इतकी वर्षं मुरलेली भीती एवढ्यात विरत नाही, मध्ये एखादा डळमळता दिवस हवा होता.

घरात मुलं असतील तर: अमेरिकेत याला पीजी-१३ (तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना सावधगिरीची सूचना) मिळालंय आणि ते योग्यच आहे. शाळेत फाशी दिलेली माणसं, डोक्यामागे गोळीची जखम असलेला मुलगा आणि तंबूत ओकणारी कायरा, या तीन जागा कोलच्या वयाच्या मुलांना नक्कीच झेपणार नाहीत.