मदत हवी आहे: पिंग म्हणतं लाईन झकास, काटापावती मात्र निघेना! दोन टनेलपैकी चांगला कोणता, हे मोजायचं कसं?

डाळमिल_लातूर:

नमस्कार मंडळी. लातूरला एका डाळमिलमध्ये कामाला आहे. नेटवर्क, टॅली, प्रिंटर, कॅमेरे, वायर असलेलं जे काही असेल ते सगळं माझ्या गळ्यात. उदगीर, अहमदपूर, औसा, निलंगा इथं आमची खरेदी केंद्रं आहेत. गाडी भुईकाट्यावर चढली की वजन थेट लातूरच्या सर्व्हरवर येतं, तिथून पावती नंबर जातो आणि मग काटापावती छापते. नेट अडलं की गाडी अडली, गाडी अडली की मागची रांग अडली.

प्रत्येक केंद्रावर दोन लाईनी आहेत, केबलवाल्याची फायबर आणि 4जी सिमचा राउटर. मुख्य राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मोफत सिस्टिम) आहे. दोन्ही लाईनींवरून लातूरच्या स्टॅटिक आयपीला एकेक वायरगार्ड टनेल (इंटरनेटमधून जाणारी कुलूपबंद खासगी वाट) जातो. सिमला पब्लिक आयपी नाही, त्यामुळे टनेल केंद्राकडूनच उघडतो, 25 सेकंदांचा कीपअलाइव्ह (वाट उघडी ठेवणारं रिकामं पॅकेट) लावलाय. कोणती वाट धरायची ते राउटरमधलं एमवॅन3 हे पॅकेज ठरवतं. दोन्ही लाईनींवरून 8.8.8.8 या गुगलच्या सर्व्हरला दर 10 सेकंदांनी 5 पिंग (उत्तर किती वेळात येतं ते बघणारी छोटी पॅकेटं) जातात, लागोपाठ 3 वेळा फसलं की लाईन बंद धरायची. लातूरच्या टोकाला माझी एक स्क्रिप्ट आहे. वायरगार्डचा हँडशेक (दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवणं) 3 मिनिटांपेक्षा जुना झाला की ती परतीचा रूट बदलते.

फायबर तुटली तर हे बऱ्यापैकी चालतं. रस्त्याच्या कामात जेसीबीनं दोनदा केबल उचकटली, दोन्ही वेळा दोन-तीन मिनिटं थांबून आपोआप सुरू झालं. त्रास होतो तो लाईन मेलेली नसते, नुसती आजारी असते तेव्हा.

परवाचं उदगीरचं सांगतो. सकाळी साडेअकरा, सोयाबीनची आवक जोरात. काट्यावर ट्रॅक्टर चढलेला, वजन आकड्यात दिसतंय, पण पावती निघायला 40 सेकंद. आयपी फोनवर मुनीमजी भाव सांगतायत तर निम्मे शब्द गायब. ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, "साहेब, मशीन मोजतंय का इचार करतंय?" मी लॅपटॉप उघडून बघितलं तर फायबरवरून 8.8.8.8 चं पिंग 11 मिलिसेकंद, नुकसान (हरवलेली पॅकेटं) शून्य! शेवटी दोन्ही टोकांना फायबरचा टनेल हातानं बंद केला. 4जीचं पिंग 60 च्या घरात, पण पावती 3 सेकंदांत.

म्हटलं, फक्त चालू-बंद न बघता दर्जाही बघू. अहमदपूरला एमवॅन3 मध्ये 100 मिलिसेकंदांच्या वर विलंब गेला की लाईन सोडायची असं लावलं. तर तिथं वेगळाच तमाशा. एका तासात 14 वेळा फायबर-4जी, 4जी-फायबर. प्रत्येक उडीला फोनचा आवाज जातो.

मोजायचं काय, किती वेळ, आणि कुठल्या आकड्यावर वाट बदलायची? एसडी-वॅनची (लाईनींचा दर्जा बघून वाट आपोआप निवडणारी) तयार पेटी घ्या म्हणू नका. मालकांना कोटेशन दाखवलं, ते म्हणाले एवढ्यात नवा काटा येतो.

गोदाकाठ_नांदेड:

8.8.8.8 ला पिंग करून तुम्ही उदगीर ते गुगल ही वाट मोजताय. पावती जाते उदगीर ते लातूर. केबलवाल्याचा गुगलकडचा रस्ता गुळगुळीत असेल, पण तुमच्या लातूरच्या आयएसपीकडं जाणारा जोड भरलेला असू शकतो. गावं शेजारची असली तरी दोन कंपन्यांचं पॅकेट बऱ्याचदा मुंबईला जाऊन परत येतं. पिंग टनेलच्या आतून, लातूरच्या टनेल आयपीला करा. दोन्ही टनेलमधून, कायम. जो टनेल वापरात नाही तोसुद्धा मोजत राहा, नाहीतर उडी मारायच्या वेळी पलीकडं पाणी किती आहे ते कळणार नाही.

शून्य_मार्ग:

आणि 5 पिंगांत नुकसान मोजताच येत नाही. एक हरवला की थेट 20 टक्के, मधलं काही नाही. खरं नुकसान 2 टक्के असेल तर 10 पैकी 9 वेळा पाचही पिंग सुखरूप परत येतात आणि तुमचा राउटर म्हणतो सगळं आलबेल. शितावरून भाताची परीक्षा इथं चालत नाही. सेकंदाला 5 या वेगानं सतत पाठवा आणि मागच्या एका मिनिटाच्या 300 पॅकेटांवर टक्केवारी काढा. म्हणजे 3 हरवले की 1 टक्का.

सिमच्या डेटाची काळजी असेल तर हिशोब केलाय. साधं पिंग 84 बाइटांचं, वायरगार्ड ते 96 पर्यंत भरून घेतो, वर त्याचे 60, असे 156. सेकंदाला 5, जाणं-येणं धरून दिवसाला साधारण 135 एमबी.

डाळमिल_लातूर:

135 एमबी चालतील. पोरं रीलवर त्याहून जास्त उडवतात. पण अहमदपूरच्या उड्यांचं काय?

गोदाकाठ_नांदेड:

तिथं अपलोड कोण करतंय ते बघा आधी. माझा अंदाज, कॅमेरे.

डाळमिल_लातूर:

बघितलं. डीव्हीआर लातूरला रेकॉर्डिंग पाठवतोय, टनेलमधूनच. फायबरचं अपलोड 10 एमबीपीएस, ते पूर्ण भरलेलं. भरलं की पिंग 300 च्या वर.

तावरजा:

मग कोडं सुटलं. डीव्हीआर फायबर भरतो, विलंब वाढतो, राउटर सगळी वाहतूक 4जीवर नेतो. आता फायबर रिकामी म्हणून छान दिसते, 4जी तुंबते, की परत. लाईन वाईट नाहीये, तुमचीच गर्दी लाईन वाईट करतेय आणि तुम्ही गर्दीसकट पळताय. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटमध्ये हेच झालं होतं. 1979 पासून मोजलेल्या विलंबावर वाट निवडत होते, भार वाढल्यावर सगळी वाहतूक या तारेवरून त्या तारेवर झोके घ्यायला लागली. 1987 मध्ये माप बदलून त्या झोक्यांना लगाम घातला.

उपाय राउटिंगमध्ये नाही, रांगेत आहे. राउटरच्या एसक्यूएममध्ये (रांग सांभाळणारं पॅकेज) केक ही रांगेची पद्धत लावा, अपलोड साडेआठ-नऊ एमबीपीएसला बांधा. डीव्हीआरला सगळ्यात मागच्या वर्गात टाका आणि त्याला कधीच 4जीवर जाऊ देऊ नका. त्यानंतरच माप घ्या. भरलेल्या रांगेमागून काढलेल्या आकड्यावर वाट निवडायची नसते.

शून्य_मार्ग:

आकड्यांबद्दल माझं मत: "मेली" आणि "आजारी" हे दोन निर्णय वेगळे ठेवा. मेली हे पटकन ठरवा. सिस्कोच्या एसडी-वॅनमध्ये दर सेकंदाला हॅलो जातो आणि 7 चुकले की टनेल बंद धरतात. दर्जाची सरासरी मात्र मूळ सेटिंगमध्ये 10-10 मिनिटांची असते. तुम्हाला 10 मिनिटं जास्त होतील, तोवर काट्यावर चार गाड्या अडकतील. मिनिटाचा हिशोब, लागोपाठ दोन मिनिटं वाईट तर सोडा. परत येताना घाई नको. नुकसान 2 टक्क्यांच्या वर गेल्यावर सोडली असेल तर अर्ध्या टक्क्याच्या खाली सलग 10 मिनिटं राहिल्याशिवाय परत घेऊ नका.

फोनसाठी एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असला की बास, ही आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) जी.114 शिफारशीची मर्यादा. म्हणून 11 विरुद्ध 60 यात फायबरला जास्त गुण देऊ नका. दोन्ही पास. फरक नुकसानात आणि जिटरमध्ये (विलंबातला चढउतार) बघा.

तावरजा:

एक राहिलंच. एमवॅन3 फक्त केंद्राकडून जाणारी वाट बदलतं. लातूरहून परत येणारी तुमची स्क्रिप्ट बदलते, तीसुद्धा हँडशेक जुना झाल्यावर. आजारी लाईनवर हँडशेक होतच राहतो! म्हणजे जाताना 4जी, येताना तीच सडकी फायबर. तुमची तीन मिनिटंही तिथूनच येतात.

दोन्ही टोकांना बेबेलडी चालवा, म्हणजे बेबेल या वाट निवडणाऱ्या प्रोटोकॉलचा प्रोग्रॅम. बेबेलमध्ये राउंड ट्रिप मोजून वाट निवडायची सोय टनेलच्या जाळ्यांसाठीच केलेली आहे, 2024 मध्ये ती आरएफसी 9616 (इंटरनेटच्या प्रोटोकॉलचा दस्तऐवज) म्हणून आली. दोन्हीकडची घड्याळं जुळवावी लागत नाहीत, माप गुळगुळीत करून घेते, आणि बेबेलडीत 10 मिलिसेकंदांच्या खाली किंवा 120 च्या वर फरक केला जात नाही. पण टनेलवर थोडंसं नुकसान ती बघत नाही. ते तुमच्या पिंगच्या स्क्रिप्टनं मोजायचं आणि त्या टनेलची आरएक्सकॉस्ट (तिथून पॅकेट घ्यायची किंमत) वाढवायची. स्क्रिप्ट दोन्ही टोकांना हवी, कारण मी माझी आरएक्सकॉस्ट वाढवली की समोरचा माझ्याकडं पाठवायची वाट बदलतो, माझी नाही.

डाळमिल_लातूर:

आठ दिवसांनी परत आलो, उशिराबद्दल माफी. आवक जोरात होती.

उदगीर: टनेलच्या आतून मोजलं. सकाळी 11 ते 1 फायबरवर 4 टक्के नुकसान, त्याच वेळी 8.8.8.8 ला शून्य. आलेख केबलवाल्याला दाखवला, तो म्हणाला वरून प्रॉब्लेम आहे. वर म्हणजे कुठं ते सांगेना. ते असो, आता 11 वाजून गेले की दोन-तीन मिनिटांत वाहतूक 4जीवर जाते आणि दुपारी दीडच्या सुमारास परत येते. दिवसाला दोन उड्या.

बेबेलनं अर्धा दिवस खाल्ला. शेजारी, म्हणजे समोरच्या टोकाचा बेबेलडी, दिसेच ना. वायरगार्डच्या अलाउड-आयपीजमध्ये (टनेलमधून जाऊ द्यायच्या पत्त्यांची यादी) बेबेल वापरतं ते लिंक-लोकल आणि एफएफ02 चा मल्टिकास्ट पत्ता टाकायचे राहिले होते. दुसऱ्या कुणाचा वेळ वाचावा म्हणून लिहितोय. आणि प्रत्येक टनेलला वेगळा इंटरफेस ठेवा.

अहमदपूरला केक लावल्यावर भरलेल्या लाईनवरही पिंग 30 च्या आत आहे, उड्या बंद. डीव्हीआरचं रेकॉर्डिंग रात्री पाठवायचं ठरवलंय, पण त्याचा पासवर्ड बसवणाऱ्यालाच आठवत नाही. गुरुवारी येतो म्हणालाय.