जुनी फोर-बाय-फोर पिकअप आणि सोलापूरची काळी माती : अनुभव धागा

कॅम्पर, गेटअवे, झेनॉन किंवा तशीच दहा-पंधरा वर्षं जुनी फोर-बाय-फोर पिकअप मंगळवेढ्याच्या रानात, उसाच्या फडात नाहीतर सीनेच्या काठाला चालवणाऱ्यांनी लिहावं. गाडी कधी, कितीला घेतली हे नको. काय बदललं, कसं बदललं आणि कुठं फसतं, एवढंच. (प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं धाग्यावरचं नाव आहे.)

कमानपाटा

मागच्या कमानी बसल्या की लोक सरळ एक जादा पाटा टाकतात. टाका, पण दोन्ही बाजूंना एकदमच, आणि पाट्याची जाडी-रुंदी जुन्यांइतकीच असू द्या. सेंटर बोल्ट लांब लागतो. यू-बोल्ट नवेच घ्या. जुन्यांचे आटे ताणलेले असतात, कितीही आवळले तरी ढिले होतात. शॅकलचे (कमानीच्या टोकाच्या झुलत्या दुव्याचे) नट आधी हातानं लावा आणि गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचं आवळा. जॅकवर लटकत असताना आवळले तर रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, हे बहुतेक गॅरेजवाले सांगतच नाहीत.

पाट्याला गॅस कटर किंवा वेल्डिंग अजिबात लावू देऊ नका. पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा तिथंच तुटतो.

होटगीरोड

कमानपाटा अण्णा, एक राहिलं. मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला जाणारी दांडी असेल, तर मागची उंची वाढल्यावर तिची सेटिंग बदलावी लागते. नाहीतर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागच्या ब्रेकला दाब कमी सोडतो, आणि भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते. मिस्त्री मग लायनर बदलत बसतो.

जुळेसोलापूर_डिझेल

माझ्या मते इथं पहिला खर्च लिफ्टवर (गाडी उंच करण्यावर) नाही, रेडिएटरवर करायचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, गाडी लो गिअरमध्ये, वेग जेमतेम दहा, म्हणजे समोरून वारा नाहीच. सगळी मदार पंख्यावर. त्यात कडब्याचा भुसा आणि पाचटाची कुसळं जाळीत बसतात. एसी असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत गादीच तयार होते, बाहेरून दिसतही नाही. वरचे ब्रॅकेट सोडून कंडेन्सर पुढे सरकवा आणि पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारा, तेही कमी दाबानं. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर गननं पत्री पाती आडवी होतात.

आतून बोअरचं पाणी नको. इथलं पाणी जड, क्षार नळ्यांत थर धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. टोपीचं रबर कडक झालं असेल तर टोपी बदला. दाब टिकला नाही की पाणी लवकर उकळतं. आणि थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला ऐकू नका. इंजिन गार चालतं, डिझेल जास्त खातं, आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

पंखा व्हिस्कस (आत जाड तेलाचा क्लच असलेला) असेल तर गरम इंजिन बंद करून हातानं फिरवून बघा. जड लागला पाहिजे. मोकळा भिरभिरला तर पंख्याचा क्लच गेला.

सीनाकाठ

पाण्यातून जाणाऱ्यांसाठी. डिफरन्शियलचं हौजिंग गरम असतं, गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. उपाय स्वस्त आहे : डिफरन्शियलच्या ब्रीदरला (हवा जायच्या तोंडाला) डिझेलची रबरी नळी लावून ती इंजिनरूममध्ये उंच बांधायची, तोंड खाली. पुढचं, मागचं आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी), तिन्हींना. तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदला. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल चालतं, पण गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या कड्या) असतील तर तेच तेल ओतू नका; तिथं पुस्तकात लिहिलंय तेच.

पुढच्या चाकांना हातानं फिरवायचे लॉकिंग हब (चाक शाफ्टला जोडणारे) असतील तर आत ग्रीसचा पातळ हात पुरे. गच्च भरलं की हब अर्धवट अडकतो आणि दात खातो. बेअरिंगमध्ये मात्र ग्रीस भरपूर. नट आवळताना चाक फिरवत राहा, मग थोडा मागे घ्या, मग लॉक वॉशर.

डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून फिरू नका. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ताण शाफ्टवर येतो आणि लिव्हर अडकतो. अडकलाच तर लिव्हर ओढत बसू नका, गाडी चार-पाच फूट रिव्हर्स घ्या.

बार्शीकर

डिझेल फिल्टर बदलल्यावर गाडी चालू होत नसेल तर डिझेलच्या लाइनमध्ये हवा आहे. ब्लीड स्क्रू ढिला करा, हँडपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला इंजेक्टरचे नट एकेक ढिले करून सेल्फ मारता येतो. सीआरडीई, डायकॉर, एमहॉक अशा कॉमन रेल इंजिनांना हे करू नका बे. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, डिझेलची धार कातडी फोडून आत जाते.

कमानपाटा

चेसीला चीर असेल तर चिरेच्या टोकाला आधी छोटं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग वेल्डिंग, वरून पत्र्याची पट्टी. पट्टीची टोकं तिरकी कापा. सरळ आडवा वेल्ड आला की चेसी पुढच्या वेळी त्याच रेषेत तुटते. बॅटरीची निगेटिव्ह केबल आणि ईसीएमचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) सॉकेट काढल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू देऊ नका.

एमएच_तेरा

टायर : २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातलं की व्यास साधारण ७०४ वरून ७३४ मिलिमीटर होतो. म्हणजे काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टवर असते. काळ्या चिखलात रुंद टायरपेक्षा खोल, मोकळ्या खाचांचा टायर बरा. बारीक नक्षी दोन फेऱ्यांत गुळगुळीत होते. हवा वीसेक पीएसआयपर्यंत उतरवा, पण डांबरीवर यायच्या आधी भरा. जॅकखाली दीड फुटाची जाड फळी हवीच.

पुढचा लोखंडी बुलबार काढून ठेवा, त्यावर २०१७ पासून बंदी आहे. उंची-बॉडीचे मोठे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, तेव्हा नेमकं हेच बघतात. नवीन पाटे टाकायचे असतील तर पासिंगच्या महिनाभर आधी टाका, बसायला वेळ मिळतो.