मदत हवी आहे: दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को, अंतर किती आणि खरे तास किती?

पाटपाणी: जुलैत आईबाबा दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघतायत. तिकिटावर पहाटे ४:०० ला सुटून त्याच तारखेला सकाळी ७:०० ला पोचणार असं छापलंय. तीन तासांत अमेरिका? अंतराच्या साइटवर १२,४०० किमी येतं, ताशी ९०० ने भागलं तर पावणेचौदा तास. आईच्या गोळ्या सकाळी ८ आणि रात्री ८ अशा बारा तासांनी असतात, म्हणून नक्की हिशेब हवाय.

मध्यान्हरेषा: अंतराला वेगाने भागू नका. तिकिटावरच्या दोन्ही वेळा जीएमटीत, म्हणजे ग्रीनविचच्या प्रमाणवेळेत आणा. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे पहाटेचे ४:०० हे जीएमटीत आदल्या रात्रीचे २२:३०. कॅलिफोर्निया जुलैत सात तास मागे, म्हणून सकाळचे ७:०० म्हणजे १४:००. झाले साडेपंधरा तास.

चूक हमखास होते ती उन्हाळी वेळेत. मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार आपल्यात नि त्यांच्यात साडेबारा तासांचा फरक, एरवी साडेतेरा. डिसेंबरच्या तिकिटाला जुलैचा फरक लावला की एक तास चुकलाच.

आणि हे तास गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचे आहेत. मुंबई–दिल्लीच बघा ना: ११४० किमी, भागाकाराने सव्वा तास, तिकिटावर दोनच्या वर. धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं, उतरणं त्यातच येतं.

दोरा_ताणा: १२,४०० हे पृथ्वीगोलावर दोरा ताणून येणारं अंतर. तो दोरा दिल्लीहून जवळजवळ उत्तरेला निघतो, सायबेरियावरून ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली येतो. विमान तसंच जाईल असं नाही. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, त्यामुळे कंपनी बदलली की वाटही बदलते.

त्यात वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हीच फेरी अटलांटिक सोडून पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेली. १३,९०० च्या जागी १५,३०० किमी, तरी साडेचौदा तासांत पोचली. भागून बघा, ताशी १,०५५ पडतात! लांबचा रस्ता लवकरचा ठरतो तो असा.

पाटपाणी: परतीचं सकाळी १०:०० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी २:३० आहे. म्हणजे १७:०० ते ९:००, सोळा तास. बरोबर ना?

मध्यान्हरेषा: बरोब्बर. गोळ्यांचं तर फारच सोपं निघालं. फरक साडेबारा तासांचा असल्यामुळे आपले रात्रीचे ८ म्हणजे तिथले सकाळचे ७:३०, आणि सकाळचे ८ म्हणजे आदल्या संध्याकाळचे ७:३०. वेळ फक्त अर्ध्या तासाने सरकते, तरी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. फोन उतरल्यावर स्वतःहून स्थानिक वेळ घेतो, म्हणून आईच्या मनगटावर भारतीय वेळेचं साधं घड्याळ असू द्या. पहिली गोळी सुटल्यापासून चार तासांनी, दुसरी उतरल्यावर अर्ध्या तासाने. तेव्हा त्या बहुधा इमिग्रेशनच्या रांगेत असतील आणि मोठी बॅग अजून पट्ट्यावर. गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी नि पाण्याची बाटली पर्समध्येच हवी.